ढालीनं काय पाहिलं

माझी बायको म्हणते, "तुम्ही सकाळी पोळीभाजीचा डबा घेऊन जाता आणि संध्याकाळी त्याच डब्यात किस्से भरून आणता." तिचं खोटं नाही. शाळेतले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या शाळेत जरा जास्तच साठतात, कारण आमच्याकडे एक ढाल आहे.

आधी शाळा सांगतो. शेवगाव ओलांडलं की तुरीच्या शेतांना लागून पत्र्याच्या छपराची एक बैठी इमारत दिसते, ती आमची. पहिली ते दहावी, एका वर्गात पंधरा-सोळा मुलं. मोठ्या बाईंनी ही शाळा काढली आणि आजवर त्यांनीच चालवली. मी नगरचा, गणिताचा मास्तर. एका वर्षासाठी म्हणून आलो होतो, त्याला आता नऊ वर्षं झाली.

आणि ढाल? कधीकाळी मुलांनी खो-खोत जिंकलेली लाकडी ढाल, मधे पितळी पत्रा, त्यावर त्या मुलांची नावं. बाईंनी ती कपाटात ठेवलीच नाही. दर शनिवारी मुलांची पंचायत बसते, आठ मुलांची. आठवडाभरात ज्यानं काही करून दाखवलं असेल त्याला ती ढाल देते. ढाल आठ दिवस त्याच्या घरी राहते. पुढच्या शनिवारी त्यानं ती परत आणायची आणि परिपाठात सगळ्यांसमोर सांगायचं, की ढालीनं घरात काय पाहिलं. खरं सांगायचं. मधे कुणी बोलायचं नाही. आणि ताप असो, घरात लग्न असो, त्या शनिवारी हजर राहायचंच!

मी पहिल्याच वर्षी विरोध केला होता. "बाई, घरातल्या गोष्टी अशा चारचौघांत? पालक आपल्याला शाळेत कोंडतील!"

"सर," बाई म्हणाल्या, "निबंधात सगळ्यांचीच आई प्रेमळ असते आणि सगळ्यांचेच बाबा कष्टाळू असतात. मला कधीतरी खरं ऐकायचंय."

हे सगळं आज सांगतोय, कारण यंदा दिवाळीनंतर आमची झोप उडाली. बाईंचा मुलगा पुण्यात असतो. त्यानं लिफ्टवाल्या इमारतीत घर घेतलं आणि बाईंचे गुडघे काही ऐकेनात. बाई पुण्याला जाणार, कायमच्या, अशी कुणकुण लागली. विचारायची हिंमत कुणाची? मग एक दिवस बाईंनी कपाटाच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "असू देत तुमच्याकडे," एवढंच बोलल्या. मला दरदरून घाम फुटला. बाई गेल्या तर शाळा माझ्या गळ्यात पडणार होती, आणि मला साधा परिपाठ धड घेता येत नाही! इंग्रजीच्या शिंदे मॅडमनी मला पाण्याचा ग्लास दिला. मला धक्का बसला की त्या पाणी देतात. नऊ वर्षांत बरंच पाणी प्यायलोय मी.

ते धक्केच सांगतो.

*

तिसरीतल्या ओंकारनं तीसपर्यंतचे पाढे न अडखळता म्हणून दाखवले. ढाल त्याला मिळाली. त्याच्या पप्पांचं मेडिकल दुकान. महिन्यापूर्वीच ते आमच्याकडे येऊन 'बाहेरचं खाणं किती घातक' यावर तासभर बोलून गेले होते.

शनिवारी आई-पप्पा दोघंही कौतुकानं मागे येऊन उभे राहिले. ओंकारनं माईक धरला.

"ढालीनं पाहिलं, पप्पा दुकानातून येताना कागदात भेळ आणत्यात. गोठ्यात उभं राहून खात्यात. मग घरात येऊन आईला म्हणत्यात, आज भूक न्हाई, डायट चालू हाय."

मला वाटलं, जमीन दुभंगावी! बाई शांतपणे म्हणाल्या, "खरं सांगितलं. टाळ्या!"

सगळ्यांनी वाजवल्या. पप्पांनीसुद्धा वाजवल्या, करतात काय! आईनं तेवढ्या वाजवल्या नाहीत.

*

त्या दिवशी घरी जाऊन मी खूप हसलो होतो. पण पुढच्याच महिन्यात आमच्या आरोहीची खो-खोसाठी जिल्ह्याच्या संघात निवड झाली. शाळेतून पहिल्यांदाच कुणी जिल्ह्यापर्यंत गेलं होतं. मी स्वतः पेढे वाटले. आरोहीचं घर माझ्या घराला लागून आहे, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

"ढाल आमी खिडकीत ठिवली हुती," आरोही म्हणाली. "खिडकीतून सरांचा ओटा दिसतो."

मी सावध झालो. पण मधे बोलायचं नाही हा नियम!

"ढालीनं पाहिलं, सर ओट्यावर बसून मोबाईलवर फुगे फोडायचा गेम खेळत्यात. काकूंनी चारदा हाक मारली. सर म्हणले, अगं थांब, पेपर तपासतोय!"

मोबाईलच्या दुष्परिणामांवर दर सोमवारी बोलणारा मास्तर मी. पोरं अशी हसली की पत्रे हादरले. शिंदे मॅडम पाणी द्यायचं विसरल्या, कारण त्याच सगळ्यांत जास्त हसत होत्या. घरी जाऊन पाहतो तर बायकोला सगळं आधीच कळलेलं! त्या दिवशी मला चारदा हाक मारूनही चहा मिळाला नाही.

*

सहावीतली पूर्वा चित्रकलेत तालुक्यात पहिली आली. तिच्या घरून ढाल परत आली ती मधोमध एक मोठा गोल पांढरा डाग घेऊन. मी कपाळाला हात लावला.

"पूर्वा, ढालीनं काय पाहिलं?" बाईंनी विचारलं.

"वाफ."

"कसली वाफ?"

"पाहुणे आले हुते बारा जण. मोठ्या पातेल्याचं झाकण घावंना. मग आईनं ढाल ठिवली."

"बरं, मग पातेल्यात काय होतं?"

पूर्वानं इकडेतिकडे पाहिलं. खरं सांगायचं, हा नियम. "मटन," ती म्हणाली.

श्रावण चालू होता! आणि पूर्वाचे आजोबा गावातल्या भजनी मंडळाचे प्रमुख. बाईंनीसुद्धा त्या दिवशी टाळ्या जरा हळूच वाजवायला सांगितल्या.

*

पाचवीतल्या यशला ढाल मिळाली ती सुंदर हस्ताक्षरासाठी. त्याच्या सांगण्यानं मात्र मी हादरलो, आणि वेगळ्याच अर्थानं.

"ढालीनं पाहिलं, आजोबा ढालीवरची नावं बोट लावून वाचत हुते. पन आजोबांना तर वाचता येत न्हाई. ते सगळीकडं अंगठाच देत्यात. मी विचारलं तर म्हणले, तुझी पहिलीतली पुस्तकं मी फडताळात ठिवली हायेत. तू शाळंत गेला की मी वाचतो. कुणाला सांगू नको."

आणि यानं दीडशे जणांना सांगितलं!

पंचायतीनं तिथल्या तिथे ठरवलं: या आठवड्याची ढाल यशच्या आजोबांना. मी बाईंच्या कानाशी लागलो, "अहो, ढाल विद्यार्थ्यांसाठी आहे ना?"

"मग ते कोण आहेत?" बाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी आजोबा धुतलेलं धोतर नेसून आले. आता हे काहीतरी हृदयस्पर्शी बोलणार म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता. आजोबांनी घसा खाकरला.

"ढालीनं पायलं," ते म्हणाले, "माझी सून साखरंचा डबा कुलपात ठिवती. डॉक्टरनं सांगितलंय म्हनं. चार बाजूंनी कारखाने हायेत, आन् मला चहा बिनसाखरंचा! मास्तर, ह्ये काय बरोबर न्हाई."

*

आता सारिकाचं सांगतो.

मागच्या वर्षी ती आठवीत होती. आई-बाप ऊसतोडीला जातात, ती गावात आजीजवळ राहते. विज्ञान प्रदर्शनात तिनं शेततळ्यातलं पाणी मोजायचं साधं यंत्र केलं आणि पहिला नंबर काढला. ढाल तिला मिळाली. सोमवारी पाहतो तर पोरगी शाळेत नाही.

मी आणि शिंदे मॅडम तिच्या आजीकडे गेलो. म्हातारी शेंगा फोडत बसली होती.

"सारिका कुठंय?"

"आईला ढाल दाखवाया गेली."

"कुठं?"

"देवळाली प्रवराकडं, उसाच्या फडावर."

"एवढ्या लांब? कुणाबरोबर?"

"ढालीबरोबर!"

तेरा वर्षांची पोरगी, दोन गाड्या बदलून, एकटी! दुपारी एकदाचा तिच्या आईचा फोन लागला. पोचली होती. पण माझी काळजी संपेना. एकदा फडावर गेलेली पोर हंगाम संपेपर्यंत परत येत नाही. तिथे धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणीतरी लागतंच. अशा किती मुली आम्ही हजेरीपटावरून गमावल्यात! मी बाईंना म्हणालो, "गाडी करून आणायला जाऊ या."

"येईल," बाई म्हणाल्या. "ढाल आहे ना तिच्याकडे."

"अहो, पण बाई..."

"शनिवारी यायचं असतं हे तिला माहितीये."

शनिवारी परिपाठ सुरू झाला. प्रार्थना झाली, बातम्या झाल्या. सारिका नाही. मी बाईंकडे रागानं पाहत होतो, खोटं कशाला सांगू. इतक्यात फाटकातून ती आत आली. आईच्या साडीत गुंडाळलेली ढाल छातीशी धरलेली. येताना गाडीत कंडक्टर तिला म्हणाला होता, सामानाचं तिकीट काढ. ही म्हणाली, "सामान न्हाई, बक्षीस हाय." मग त्यानं ढालीला खिडकीजवळची जागा दिली!

"ढालीनं पाहिलं," सारिका म्हणाली, "मुकादम आईला आन् बापूला 'ए कोयता' म्हणून हाक मारतो. तिकडं नवरा-बायकोच्या जोडीला कोयताच म्हणत्यात. ढाल आमी कोपीबाहेर, आमच्या पाचटाच्या खोपटाबाहेर, लावली हुती. मुकादमानं विचारलं, ही कुणाची? आई म्हणली, माझ्या सारिकाची. दुसऱ्या दिवसापासून तो 'सारिकाची आई' म्हणतोय."

त्या दिवशी टाळ्या वाजवा असं सांगायची आठवण कुणालाच राहिली नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

*

तर यंदाची गोष्ट. किल्ल्या माझ्या टेबलावर, बाई गप्प, आणि आम्ही मोठी माणसं स्टाफरूममध्ये एकमेकांना ढकलतोय, "तुम्ही विचारा", "नाही, तुम्ही विचारा". सारिका आता नववीत आहे आणि पंचायतीची प्रमुख आहे. शनिवारी ती उभी राहिली.

"ह्या आठवड्याची ढाल मोठ्या बाईंना. रोज सगळ्यांच्या आधी शाळेत येत्यात म्हणून."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला! जे आम्हाला महिनाभर विचारता आलं नाही, ते या कार्ट्यांनी न विचारता विचारलं होतं. ढाल घरी न्यायची म्हणजे शनिवारी खरं सांगावं लागणार.

तो आठवडा कसा गेला ते मलाच माहीत. शनिवारी बाई काठी टेकत पुढे आल्या. माईक नको म्हणाल्या.

"ढालीनं पाहिलं," बाई बोलू लागल्या, "बाईंच्या घरात सात खोकी बांधून ठेवलीत. एका खोक्यात साड्या आहेत. सहा खोक्यांत तुमच्या जुन्या वह्या आहेत. येत्या शुक्रवारी टेम्पो येणार आहे, पुण्याला जायला. बाईंनी हे कुणालाच सांगितलं नाही. कारण सांगायला गेलं की त्यांना रडू येतं."

आणि त्यांना रडू आलं. दीडशे मुलं, पण शेजारच्या शेतातली मोटर ऐकू येत होती. शिंदे मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे धरला, मग स्वतःच पिऊन टाकला.

सारिका उठली. "आता ह्या आठवड्याची ढाल," ती म्हणाली, "मोठ्या बाईंना."

"अगं, मी आत्ताच परत केली," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

"व्हय. परत."

"आता कशाबद्दल?"

"खरं सांगितल्याबद्दल."

मी तिला बाजूला ओढलं. "अगं वेडे, बाई शुक्रवारी जाणार! शनिवारी ढाल परत कोण आणणार?"

सोपी वजाबाकी चुकलेल्या पोराकडे मी जसा पाहतो, तशी ती माझ्याकडे पाहत राहिली.

"येतील की, सर. ढाल हाय ना त्यांच्याकडं."

बाई ढाल काखेत धरून हळूहळू फाटकापर्यंत गेल्या. तिथे थांबल्या, वळल्या आणि मला हाक मारली.

"सर, त्या टेम्पोवाल्याला जरा फोन लावून द्या. म्हणावं, शुक्रवारी नको. शनिवारी मला परिपाठ आहे."