हनीफभाईंचं बाकडं

हनीफभाईंच्या डीप फ्रीझरमध्ये आइस्क्रीम नसायचं आणि मटणही नसायचं. त्यात स्नोबोर्डची बाइंडिंगं असायची, चुरलेल्या बर्फात पुरलेली. मला हे माहीत असायचं काही कारणच नव्हतं. दुकानातला माझा पहिला दिवस, बाहेर ऑगस्टचं ऊन, डब्यातलं दही आंबेल म्हणून मी मागच्या वर्कशॉपमधल्या त्या जुनाट फ्रीझरचं झाकण उचललं, तर पाठीमागून आवाज आला, "बाय, तिथां दही नको ठेवू. पेपर चालू हाय त्यांचा."

वळून बघते तर साठीकडे झुकलेला एक सडसडीत माणूस. पांढरी दाढी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, हातात पेचकस. मी विचारलं, "कुणाचा पेपर?"

"ह्यांचा. बरफात घालून गोठवायची आनि हातमोजा घालून उघडायची. उघडली तर पास. न्हाय उघडली तर नापास, कंपनी कितीबी मोठी असू दे."

मी लातूरची. आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीतला, गोणपाटात गुंडाळून दांडक्यानं फोडलेला. नवरा कुवेतला शुऐबाच्या प्लँटमध्ये इंजिनिअर, राहायला आम्ही तिथल्या मंगफला. मुलगी शाळेत जायला लागली आणि घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं म्हणून मी मॉलमधल्या या खेळाच्या सामानाच्या दुकानात सुपरवायझर म्हणून लागले. वाळवंटात स्नोबोर्ड विकायचे, याचं मला आधी हसूच आलं. पण इथली हौशी पोरंपोरी हिवाळा आला की जॉर्जियाच्या नाहीतर लेबनॉनच्या डोंगरांत पळतात, आणि सामान इथूनच घेऊन जातात. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून डोंगरावरून घसरायचं. बुटाला फळीशी धरून ठेवतं ते बाइंडिंग: खाली तळ, मागे पोटरीला टेकणारी पाठ, पुढे दोन पट्टे. ते दगा देईल तर फळी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे.

हनीफभाई मुकादम जयगडच्या खाडीकाठचे. वडील होड्या बांधायचे. हे कुवेतला आले ते बोटींच्या सामानाच्या दुकानात, आणि मालकानं पुढे खेळाचं दुकान काढलं तेव्हा स्क्रू-पान्यांच्या पेटीबरोबर हेही इकडे आले. अब्बासियात गाववाल्यांच्या खोलीत राहायचे, कंपनीच्या बसनं यायचे, आणि बाकड्यावर बसले की उठायचे फक्त नमाजाला. त्यांनी बर्फ पडताना जन्मात पाहिला नव्हता. एकदा एका गिऱ्हाइकानं तोंड वाकडं करून विचारलंही, "तू कधी बर्फावर गेलायस का?" हे शांतपणे म्हणाले, "गेलो न्हाय. पन बरफात हात घालून मासळी काढलीय. बरफ काय करतो तां माज्या बोटांना म्हाईत हाय."

गिऱ्हाईक आलं की आम्ही कॅटलॉग उघडायचो. हनीफभाई माणसाच्या पायाकडे बघायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "जानार कुठां?" लिफ्टखालच्या साफ उतारावर जाणाऱ्याला एक, आणि डोंगराच्या मागच्या बाजूला, न तुडवलेल्या खोल बर्फात जाणाऱ्याला दुसरं. या दुसऱ्या जातीला फ्रीराइड म्हणतात. त्यांना कडक बाइंडिंग लागतं, कारण अंगाचा कल क्षणात फळीच्या धारेपर्यंत पोचायला हवा. पण नुसतं कडक मागणाऱ्याला हनीफभाई हटकायचे. "सुकानू ताठ हवां, बरोबर. पन धरनाऱ्याचा हात दमला तर त्या ताठपनाचां करायचां काय? पाठ ताठ घे, तळाला जरा जीव ठेव, लवू दे." मला ते घोकून पाठ झालं होतं. समजलं मात्र फार उशिरा, स्वतः बाइंडिंग लावायला बसले तेव्हा.

त्या वर्षी ऑक्टोबरात मुदीरनं, म्हणजे आमच्या मॅनेजरनं, मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की हा सीझन झाला की वर्कशॉप बंद. लोक सगळं ऑनलाइन मागवतात, मागच्या जागेत सायकली ठेवू. "आणि हनीफ?" मी विचारलं. त्यानं खांदे उडवले. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कॅन्सल, तिकीट हातात, घरी. सीझनमध्ये बाकड्यानं स्वतःची गरज दाखवून दिली तरच पुढचं बघू, असंही वर बोलला, पण ते बोलण्यापुरतंच होतं.

मी ते हनीफभाईंना सांगितलं. ते पेचकसाचं टोक पुसत राहिले. मग म्हणाले, "माज्या खोलीत आठ जन व्हते, बाय. सहा गेले. एकालाबी इचारलां न्हाय की तुला कधी जायचां हाय. बकऱ्यासारखां धाडलां." पेचकस बाकड्यावर ठेवून म्हणाले, "जायचां तर सगळ्यांनाच हाय गो. धाडलां जायचां न्हाय मला." एवढंच. आणि त्यांनी लगेच पुढचं बाइंडिंग हातात घेतलं.

आणि मग नोव्हेंबरात नूरा आली. कुवेती मुलगी, तिशीच्या आतली, गुडघ्यावर जुन्या ऑपरेशनचा व्रण, बोलण्यात वीज. जॉर्जियाच्या डोंगरांत जाणाऱ्या आठ जणांच्या गटाची ती पुढारी. सगळे मुरलेले. तिला आठ जोड्या हव्या होत्या: सगळ्यात कडक आणि सगळ्यात झटपट. "मागच्या वर्षी कड्यावर वारा सुटला होता," ती म्हणाली, "हातमोजे काढून पट्टे बांधता बांधता माझी बोटं बधिर झाली. आता पट्टे नकोत. पाय ठेवला की टक्, खलास!" नमुन्याच्या जोडीत तिनं दुकानाच्या कार्पेटवर पाय ठेवला. टक्. टाच बसली. मुदीरच्या चेहऱ्यावर ईद उगवली. आठ जोड्या, तीही दुकानात बसवून! मी मनात म्हटलं, सुटलो. बाकडं वाचलं.

तेवढ्यात हनीफभाई मागून म्हणाले, "हां बाइंडिंग मी बसवनार न्हाय. आधी परीक्षा."

काय सांगू, माझा असा संताप झाला! त्यांना बाजूला ओढून मी झापलं. "हनीफभाई, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय तुम्ही! कॅटलॉगमध्ये दहापैकी दहा कडकपणा लिहिलाय, वजन लिहिलंय, सगळं लिहिलंय. बसवा आणि मोकळे व्हा!"

"कागद बोलतो तां खरां असेल," ते म्हणाले, "पन बरफ कागद वाचत न्हाय. आनि ही पोर पडली तर माजां बाकडां वाचून मी काय करू, सांग?"

नूरा दारात उभी राहून आमचं भांडण बघत होती. भाषा कळत नसली तरी मुद्दा कळला असावा. "काय म्हणतोय हा रफीक?" तिनं विचारलं. इथे आपल्याकडच्या कुठल्याही कामगाराला रफीकच म्हणतात. मी इंग्रजीत माझ्या परीनं सांगितलं, दुकान कार्पेटवर बर्फ विकतंय नि तुम्ही तो विकत घेताय, असं म्हणतोय. ती आधी चिडली, मग हसली. "यल्ला, चला. घेऊ दे परीक्षा. पण हरला तर माझं ऐकायचं."

आठ जणांचे बूट त्या फ्रीझरमध्ये मावणार कुठे? हनीफभाईंचा गाववाला बशीर शुऐबाकडच्या एका शीतगृहात सुपरवायझर. मालकाची परवानगी काढली, आणि शुक्रवारी सकाळी आमची वरात तिथे पोचली. बाहेर लोक शर्टाच्या बाह्या दुमडून हिंडतायत, आणि आत गोठलेल्या कोळंबीच्या खोक्यांमध्ये कुवेतची आठ नामांकित पोरंपोरी जाकिटं, टोप्या, हातमोजे घालून उभी! मी दोन स्वेटर आणि नवऱ्याचा कोट घालूनही कुडकुडत होते. मुदीरही आला होता, नाक लाल करून. हातगाड्या चढवायच्या उतरणीवर हनीफभाईंनी बोर्ड ठेवले, दोऱ्यांनी पक्के केले, आणि मासळीच्या टोपलीतला ओला बर्फाचा चुरा सगळीकडे पसरला.

पहिली टक्वाली. नूरानं पाय ठेवला, टक्. माझ्याकडे बघून तिनं भुवई उडवली. हनीफभाई बोलायचे आणि मी इंग्रजीत सांगायचे. ते म्हणाले, "आता त्या चुऱ्यात चाला दहा पावलां, आनि परत." ती चालून आली. टाचेखाली बर्फ दाबून बसला होता. पाय ठेवला, आवाज नाही. आपटला, आवाज नाही. खरवडून तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा अर्धवट आवाज आला. "बसलं!" ती म्हणाली. हनीफभाईंनी वाकून बूट दोन्ही हातांनी धरला आणि हिसका दिला. टाच सुटून वर आली.

"वाईट न्हाय हां," तेच घाईनं म्हणाले. "साफ उतारावर झकास हाय. तुमी जाता तिथां न्हाय."

दुसरी जोडी पाठ मागे पडणारी. पाठ पाडायची, मागून पाय सरकवायचा, पाठ उभी करून खटका लावायचा. बर्फासकट पाय आत गेला, खटका लागला. पण नूरानं अंग मागे टाकलं तर पाठ वाकली. "हे लोणी आहे," ती म्हणाली आणि तिचं बरोबर होतं.

तिसरी तशीच, पण पाठ ताठ. सपाटीवर तीन श्वासांत दोन्ही पाय आत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग नूरा उतरणीवर चढाकडे तोंड करून उभी राहिली आणि पाय मागून आत जाईना. "बघ!" ती ओरडली. "कड्यावर असाच उभा असतो माणूस!" मुदीरनं माझ्याकडे पाहिलं.

हनीफभाई हलले नाहीत. "पुढचा पट्टा खोल. हातमोजा काढू नको." तिनं पट्ट्याची मोठी कळ अंगठ्यानं उचलली, पट्टा सुटला, पाय समोरून आत, पट्टा बंद. "दुसरां दार हाय त्याला," ते म्हणाले. "घाईचां दार मागं, अडचनीचां दार पुढां. आता शेवटचां. डोकां खाली करून उतरनीवर नीज."

खोल बर्फात माणूस असाच पालथा-उताणा अडकतो, आणि तिथे फळीतून पाय सोडवता आला नाही तर जिवाशी गाठ असते. हे नूरानंच मला नंतर सांगितलं. ती डोकं खाली करून निजली. हनीफभाईंनी तिच्या गुडघ्यांपर्यंत बर्फ लोटला. मागचा खटका तिच्या हाताला लागेना. एकदा, दोनदा. मग तिनं पोटातून वळून पुढची कळ चाचपली, ओढली, एक पाय मोकळा. दुसरी ओढली, दुसरा मोकळा. ती उठून बसली, केसांत कोळंबीचा वास आणि बर्फ, आणि जोरात म्हणाली, "आठ जोड्या. हीच. आणि बसवायच्या त्यानं. फक्त त्यानं." मग हनीफभाईंकडे वळून, "उस्ताद, माफ कर." आतापर्यंत रफीक असलेला माणूस त्या क्षणी उस्ताद झाला. मी तर लाजलज्जा सोडून शिट्टी मारली. लातूरच्या पोरीला येते ती!

हनीफभाईंनी आठही जणांचे बूट एकेक करून मोजले, पट्टे त्यांच्या हातमोज्यांच्या जाडीप्रमाणे लावून दिले, आणि प्रत्येकाला दोन्ही दारं दहा दहा वेळा उघडायला लावली. एका मुलानं कंटाळून "कळलं" म्हटलं, तर म्हणाले, "डोक्याला कळून उपेग न्हाय, बोटांना कळू दे."

जानेवारीत नूराचा व्हिडिओ आला. कडा, वारा असा की आवाज फाटतोय. बाजूला कुठल्यातरी दुसऱ्या गटाचे लोक हातमोजे दातांत धरून बर्फात बसलेले, आणि आमचे आठ जण उभ्या उभ्या पाय घालून निघालेसुद्धा. एकामागून एक, पांढऱ्या शुभ्र उतारावर आठ रेघा. शेवटी नूरा कॅमेऱ्यात तोंड घालून ओरडली, "उस्ताद हनीफ!" आम्ही तो व्हिडिओ दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर लावला. हनीफभाईंनी तीनदा पाहिला. चौथ्यांदा चष्मा काढून पाहिला, म्हणजे काही दिसलं नसणार. मी उघड उघड रडले.

त्यानंतर बाकडं बंद करायचं नाव कुणी काढलं नाही. उलट मुदीरनंच ते मागच्या अंधाऱ्या जागेतून उचलून दुकानाच्या दर्शनी काचेपाशी आणलं, वर दिवे लावले. हाताखाली माणूस द्या म्हणाल्यावर दोन दिले. गिऱ्हाइकं दारातून आत आली की कॅटलॉगकडे न बघता थेट विचारायची, उस्ताद कुठे आहे? हनीफभाईंनी आणखी तीन सीझन असे थाटात काढले. मलाही बसवून बाइंडिंग लावायला शिकवलं, आणि माझं पहिलं बाइंडिंग त्यांनी स्वतः हिसका देऊन उखडलं, हेही लिहून ठेवते.

मग एका एप्रिलमध्ये ते मुदीरच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, आता मी जातो. खाडीवर होडी बांधायला घेतलीय, लाकूड वाट बघतंय. मुदीरनं खूप विनवलं. नूरा येऊन भांडून गेली. ते हसत राहिले.

घोळ झाला तो कागदांवर. ऑफिसनं नेहमीचं छापील पत्र काढलं: कंपनीने सेवा समाप्त केली आहे. सगळ्यांना तेच देतात, कुणी वाचतही नाही. हनीफभाईंनी माझ्याकडून वाचून घेतलं आणि सही करायला नकार दिला. मुदीर म्हणाला, काय फरक पडतो, हिशेब तोच, तिकीट तेच. हे खुर्चीवर बसून राहिले. चहा आला, निवला. दुपारची अजान झाली, नमाज पढून परत येऊन बसले. शेवटी ऑफिसनं नवं पत्र टाइप केलं.

विमानतळावर मी आणि नवरा सोडायला गेलो. रांगेत सगळे आपल्याकडचेच. खोक्यांना दोऱ्या बांधलेल्या, निम्म्यांचे इकामे कॅन्सल झालेले, माना खाली. हनीफभाईंनी खिशातून ते पत्र काढून माझ्या हातात दिलं.

"वाच, बाय."

मी मराठीत करून वाचलं, "हनीफ मुकादम यांनी स्वतःच्या इच्छेने काम सोडले आहे."

"मोठ्यानं वाच," ते म्हणाले. "ह्या सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

मी वाचलं. लातूरचा आवाज आहे माझा. सगळ्या रांगेनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.