मुलगा येईपर्यंत

सोमवारी दुपारी दोन वाजता माझी पत्नी वारली. मुलगा हैदराबादहून निघाला होता आणि नातेवाईक म्हणत होते, दिवस मावळायच्या आत उरकून घ्या.

शेजारचे निवृत्त सुभेदार तेव्हा अंगणात खुर्च्या मांडत होते, सगळ्या एका रेषेत. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत ते घरी आले ते सुट्टीपुरतेच. निवृत्तीला सहा वर्षं झाली, तरी त्यांच्या पत्नी दारात आलेल्याला "हे सुट्टीवर आलेत" असं चुकून सांगतात आणि मग स्वतःच हसतात. ते मात्र कमी बोलतात. जेवण झालं का विचारलं, तर आधी घड्याळ बघतात.

माझ्या थोरल्या मेहुण्यांनी तिरडी बांधायला सांगितली, तेव्हा सुभेदार दारात येऊन उभे राहिले.

"पोरगं येतंय. थांबायचं."

"अहो, तुमी घरातले हाय का?" मेहुणे म्हणाले.

"न्हाय. पण माजी आई गेली तवा मी सीमेवर होतो. सुट्टी मिळून आलो, तर तेरावा होऊन गेलता. ह्याला तरी तोंड बघू द्या की."

मेहुण्यांनी बांबू आणायला निघालेल्या पोरांना थांबवलं. हे खरं तर मी म्हणायला हवं होतं.

मुलगा रात्री साडेआठला पोचला. तो आईजवळ बसला होता तेवढा वेळ सुभेदार बाहेर, रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

मुलगा आता परत गेला आहे. घरात मी एकटा आहे. त्याने आईला पाहिलं, एवढं आमच्याकडे आहे.