धाकट्या जावेचं मशीन

रुक्सानासारखे कपडे अख्ख्या जुन्नरात कोण धूत नाय, असं तिची सासू, म्हणजे अम्मा, एकदा चार पाहुण्यांत बोलून गेल्या होत्या. रुक्सानानं तेवढ्या एका वाक्यावर वीस वर्षं काढली. मग धाकटी जाऊ दिलशाद घरात आली आणि तिनं काचेच्या दाराचं कपडे धुण्याचं मशीन आणलं.

मशीनवर सरकारी लेबल, त्यावर पाच तारे आणि किती लिटर पाणी लागतं तेही छापलेलं. नळ तासभरच येणाऱ्या घरात त्या लेबलाचा काय तो थाट! अम्मा येईल त्याला ओढत मोरीकडं न्यायच्या. "बघा, आमच्या दिलशादचं मशीन. एवढ्याशा पाण्यात चादरी धुतं!" रुक्सानाच्या पोटात दुखायचं. जळत होती, झालं! हंडे तिनं भरायचे आणि कौतुक धाकटीचं.

एका शुक्रवारी मेथी निवडता निवडता ती सहज बोलल्यासारखं बोलली, "अम्मा, कपडा तीन पाण्यांतून निघाला तर पाक, नमाजाला चालणारा. ह्या मशीनीत तर पाणी दिसतबी न्हाई. सरकारला काय, पाणी वाचल्याशी मतलब."

अम्मांचा हात थांबला. संध्याकाळी फर्मान निघालं, नमाजचे कपडे मशीनमध्ये टाकायचे नाहीत. "रुक्साना धुईल. तिच्या हातचेच पाक."

कौतुक मिळालं, पण सोबत सात माणसांचं धुणंही आलं. पंधरा दिवसांत बोटं सोलवटली, कंबर धरली.

एका दुपारी दिलशाद मशीन लावून शेजारी गेली, तशी रुक्साना मोरीत पाट टाकून बसली. मशीननं फेसाचं पाणी सोडलं, नवं घेतलं, खळबळलं, पुन्हा सोडलं. ती बोटांवर मोजत होती. तिसऱ्या खेपेला नळीतून नितळ पाणी आलं.

"मेलं माझ्यापेक्षा नीट खळबळतंय," ती पुटपुटली.

तेवढ्यात दिलशाद दारात उभी. हातात नमाजचा दुपट्टा, डोळे भरलेले. "भाभी, आधीचे दोन महिने मी ह्याच मशीनच्या कपड्यांत नमाज पढले. माझ्या नमाजा वाया गेल्या का वो? तुमी सांगाल ते खरं."

पाक होते गं पोरी, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठापर्यंत आलेही. पण आतल्या खोलीतून अम्मांचा खोकला ऐकू आला, आणि रुक्सानानं ते गिळले.

"अल्ला माफ करणारा हाय," ती म्हणाली. "आण इकडं तो दुपट्टा."