नववे पंच

‘देलं म्हणजे देलं,’ असं म्हणून आमच्या गावचे पाटील उजवा तळहात पालथा करीत. मग त्या विषयावर त्यांच्याशी बोलणं म्हणजे दगडाला पाणी घालणं.

मी बैलबाजारातला दलाल. माझ्या तोंडी लागू नये, असं दिग्रसपासून पांढरकवड्यापर्यंत लोक म्हणतात. पण या माणसाशी माझा एकही सौदा जमला नाही.

तुम्ही म्हणाल, देवमाणूस असेल. तसं मुळीच नाही. एकादशी धरणारा, सोवळ्यातला म्हातारा. मला चहा देई तो ओट्याखाली, कान तुटलेल्या कपात. मी तो तसाच ठेवून निघून येई. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

छप्पन्न साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. गावात ओरड झाली, काम सोडलं तर जागाही सोडा. पाटील म्हणाले, ‘माह्या बापानं यायच्या बापाले जागा राहाले देली. ढोरं ओढाले नाई.’ लोक हसले, म्हातारा जुनाट आहे म्हणाले, आणि विषय मिटला.

काही वर्षांनी पाटील तेच पंचायतीत बोलले, तेव्हा कोणी हसलं नाही. आमच्या वस्तीवर आता सोसायटीचं गोडाऊन यायचं होतं. त्या जागेचा आमच्याकडे कागद नव्हता, पाटलांच्या बापाचा शब्द तेवढा होता. पंच नऊ. चार गोडाऊनच्या बाजूनं, चार विरुद्ध, नववे पाटील.

तरुण सरपंच प्रत्येक भाषणात समाजवाद आणायचे. तेच म्हणाले, ‘पाटील, तुमी तं लाल झाले.’

‘मी माह्या बापासारखाच वागून राह्यलो. तुमी सरकले बाप्पा. मी हाय तेथंच हाय.’

तालुक्याचा एक साहेब तर येऊन विचारून गेला, म्हातारा कोणत्या पक्षाचा? पाटील म्हणाले, ‘पितृपक्षाचा.’

मला हसू येत नव्हतं. गोडाऊन आज ना उद्या होणार, हे मला दिसत होतं. मी सरपंचांना गाठलं, भांडलो, घासाघीस केली आणि अर्धी जागा सोडवली. विहाराकडची घरं राहणार होती. पाटलांनी फक्त हो म्हणायचं होतं.

‘पाटील, अर्धं तं वाचू द्या.’

‘अर्धा शब्द कसा पाळतेत, सांग मले.’

‘तुमच्या शब्दापायी आमची लेकरं उघड्यावर येतीन. तुमचं काय जाते?’

‘माहंच जाते लेका.’ आणि तळहात पालथा झाला.

त्यानंतर मी त्यांच्या ओट्याकडे फिरकलो नाही. ठराव दोन वर्षं अडून राहिला. मग एका थंडीत पाटील गेले. स्मशानात मी रागातच लांब उभा होतो. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तिथून तडक सरपंचांकडे जाऊन मी अर्ध्याचा सौदा पुन्हा काढला. ते म्हणाले, ‘आता कायले?’

पाटलांच्या जागी त्यांचा मुलगा बिनविरोध आला. अमरावतीला शिकलेला, नव्या विचारांचा. शिवाशिव मानत नसे. मला घरात बोलावून शेजारी खुर्ची देई, भाऊ म्हणे.

पूर्ण जागेचा ठराव मताला आला आणि सरपंचांनी ‘बाजूनं कोण?’ विचारलं, तेव्हा मी पंचायतीच्या दारात होतो. त्यानं मला पाहिलं, ओळखीचं हसला आणि हात वर केला.