गुणाची पोर

मैनाबाई, तुम्हाला कधी कोणी पत्र लिहिलं नसेल, आणि लिहिलं असतं तरी वाचून दाखवायला कोण बसलं होतं? मूल कसं वाढतं ते शिकायला तुम्ही निघालात, तेव्हा लोक तुम्हाला हसले. हसोत. तुमची गोष्ट लोकांना सांगितलीच पाहिजे.

अमेरिकेत यादवी पेटली होती, त्या सालांत विलायतेला वऱ्हाडचाच कापूस हवा होता. अमरावतीत कापसाचे व्यापारी खुशालराव यांच्या आवारात बाया दिवसभर हाताने फिरवायच्या रेच्यावर कापसातली सरकी काढत, लेकरं कडुनिंबाखाली निजत. ती सांभाळायला खुशालरावांनी मैनाबाईला सांगितलं. ती मूलबाळ नसलेली विधवा. म्हणाली, "आधी शिकून येतो."

"लेकरं सांभाळाले बी शिकावं लागते काय वो बाई?" बाया हसल्या.

अकोल्याला तिची मावशी दुर्गाबाई सुईण होती. "मैने, हात नको लावू," मावशी म्हणाली, "नुसती पाह्य."

मैना आळीतल्या पाळण्यांपाशी बसून राहिली. आधी नजर हलत्या वस्तूमागे जाते, मग मान सावरते, मग हात धावतो. पाहता पाहता तिला वाटे, आपणही कुठल्याशा संथ पाण्यातून हळूहळू वर येतो आहोत.

परतली तेव्हा आवारात कापसाचे तंतू उन्हात तरंगत होते आणि रेच्यांची कुरकुर अंगाईसारखी चालली होती. रेच्यावर बसणाऱ्या जमुनाची सात-आठ महिन्यांची शकुन सगळ्यांत गुणाची. ना रडं, ना हट्ट. मैनेलाही तिचंच कौतुक.

मग एकदा एक तंतू शकुनच्या नाकावर उतरला. डोळे उघडे होते, पण नजर हलली नाही.

"जमुने, इले काय देतं तू?"

"अफूची गोळी. साऱ्याच देतात. काहून?"

"कमी कर."

"अन् रडली तं मालक हाकलीन मले. तू खाऊ घालशीन?"

एकदम तोडायची नाही, हे मावशीनं सांगितलेलं. गोळीचा तुकडा रोज लहान होऊ लागला आणि शकुन रडू लागली. मैना तिला खांद्यावर टाकून रेच्यांच्या आवाजाआड फिरत राही. तरी खुशालरावांनी ऐकलंच.

"हेच शिकून आली काय? आधी तं लेकरू गुपचूप होतं."

"गुपचूप नोतं मालक, गुंगलेलं होतं."

"संक्रांतीपर्यंत रडं थांबलं नाही, तं तू बी जाय अन् जमुना बी."

संक्रांतीच्या अलीकडेच गोळी सुटली, रडं ओसरलं, आणि एका दुपारी शकुननं मैनेचं नाक धरलं. सोडेचना. जमुनाचा रेचा थांबला. "लय वांड झाली वो पोट्टी!" म्हणत ती हसली, मग रडली. दारातून पाहणारे खुशालराव एवढंच म्हणाले, "राहू दे दोघींले."

मैनेनं अकोल्याला निरोप धाडला: शकुन चालू लागली की घेऊन येतो. मावशीचा उलट निरोप आला, "आणजो. टाच कशी टेकते, मले पाहायचं हाय."

शकुन चालली, पळालीही. पण कापसाची वेचणी लागली, मग लग्नसराई, मग मावशीच गेली. अकोल्याला नेणं तेवढं राहिलं.