सात खड्ड्यांची माती

दामूअण्णा गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही शिफ्ट सुटताना बसच्या रांगेत. "तुमचे ते मातीवाले गेले, राव," कुणीसं म्हणालं. मातीवाले! जन्मभर माणूस कानीकपाळी ओरडला आणि लोकांच्या लक्षात एवढंच राहिलं… महिना झाला, माझी चिडचिड जात नाही. निम्मी तर माझ्यावरचीच आहे.

अण्णा दिघीचे. आमच्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस, मी नवाकोरा डिप्लोमावाला. भोसरीकडे तेव्हा रोज नवा कारखाना उठत होता. अशाच एकाला टेकडी कापून पायथ्याशी कामगारांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. अण्णांनी उतारावर सात खड्डे घेतले आणि सात पिशव्यांत माती आणली. मोठ्या साहेबांना अहवालाची घाई. मी अतिशहाणा! सगळी माती एका घमेल्यात कालवली आणि एकच चाचणी केली. मजबुतीचा आकडा झकास आला.

अण्णा घमेल्याकडे बघतच राहिले. "सायेब, हितं मुरूम, तर चार पावलांवर चिकणमाती हाय. पानी मुरलं की डोंगर त्या चिकणीवरनंच घसरनार. त्याला तुमची सरासरी कळती व्हय?"

"अण्णा, माती ती माती," मी म्हणालो.

अहवालावर सही झाली, खोल्या उभ्या राहिल्या. अण्णा गप्प बसणारे नव्हते. त्यांनी उतारावर खुंट्या ठोकल्या. दर रविवारी सुतळी धरून मोजायचे. मुरमातल्या खुंट्या जागच्या हलत नव्हत्या. चिकणीतल्या तीन मात्र बोट-बोट खाली येत होत्या. मी ते आकडे साहेबांपुढे ठेवले. त्यांनी सगळ्यांची सरासरी काढली आणि म्हणाले, "किरकोळ आहे." आता काय डोकं फोडून घ्यायचं?

तिसऱ्या पावसाळ्यात अण्णांनी शिव्या खात दारोदार फिरून बिऱ्हाडं शाळेत हलवली. टोकाच्या खोलीतल्या सखूबाई तेवढ्या हलल्या नाहीत. "कंपनीच्या कागदात डोंगर पक्का हाय म्हंत्यात," म्हणाल्या. तो कागद माझा होता. दोन दिवसांनी तेवढाच चिकणीचा पट्टा खाली आला, सखूबाईंच्या खोलीवर, त्या आत असताना. शेजारची टेकडी जशीच्या तशी उभी!

अण्णांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावायला हवा होता… अजून राग येतो त्याचा. त्यांनी फक्त एक केलं. त्या सात खड्ड्यांवर पुन्हा जाऊन माती आणली, सात बरण्यांत भरली आणि घरी खिडकीत ओळीनं मांडली. मी गेलो की ते चहा द्यायचे आणि बरण्या माझ्यासमोर राहतील असं बसवायचे.

परवा त्यांच्या घरी गेलो. बरण्या खिडकीतच होत्या, लख्ख धुतलेल्या. एकीत मसूर, एकीत साबुदाणा.

"माती व्हय काका? जास्वंदीच्या कुंडीत घातली समदी," सून म्हणाली. "शेवटी माती ती मातीच."

मी उठलो. अंगणात जाऊन कुंडीपाशी बसलो आणि बोटांनी उकरत राहिलो. मुरूम कुठला, चिकणी कुठली… काही म्हणता काही वेगळं होईना.