चौथ्या मजल्यावरचा मांडव

हल्ली मला दुपारी झोप लागते. आमच्या घरात मे महिन्यात दुपारी झोप लागणं ही साधी गोष्ट नव्हे, म्हणून आधी तेच सांगते. जेवण उरकलं की मी आईच्या खोलीत चटईवर आडवी होते. खिडकीच्या ग्रिलवर वरून घोसाळ्याचा वेल उतरलाय. त्याच्या पानांतून उजेड येतो तो हिरवट होऊन येतो, भिंतीवर हलतो, आईच्या पांढऱ्या केसांवर हलतो. डोळे अर्धे मिटलेले असतात. कुठेतरी खाली कुकरची शिट्टी होते, कुणीतरी स्कूटर चालू करतं, आणि ते सगळं फार लांबून येतंय असं वाटतं. आई झोपेत पुटपुटते. कधी मिठागराच्या बांधावरून कुणाला तरी हाका मारते, कधी नुसतीच हसते. मी तिला विचारत नाही काय दिसलं म्हणून. पंखा एकवर फिरत असतो आणि आम्ही दोघी पडून राहतो.

दोन वर्षांपूर्वी याच खोलीत पंखा पाचवर ठेवला तरी गरम हवाच अंगावर यायची. आमची बिल्डिंग चार मजल्यांची, लिफ्ट नाही, आणि आम्ही चौथ्यावर. घर घेतलं तेव्हा सगळे म्हणाले, वा, डोक्यावर कुणाची धपधप नाही, वारा छान येईल. वारा येतो हो. पण दिवसभर गच्ची तापायची आणि संध्याकाळी ती ऊब सावकाश घरात उतरायची. भिंतीला पाठ टेकवत नसे. पहिली काही वर्षं निभलं. मग उन्हाळा दरवर्षी लवकर यायला लागला आणि उशिरा जायला लागला. सोसायटीच्या ग्रुपवर सगळे क्लायमेट चेंजचे मेसेज फॉरवर्ड करायचे आणि एसी लावायचे. त्या एसींची गरम हवा आमच्याच खिडकीत.

आईला मी आणली ती तिच्या खोकल्यामुळे. माझं माहेर उरणकडे, जासईच्या बाजूला. घर कौलारू, थंडगार, पण आता त्याच्या तीन बाजूंना कंटेनर यार्ड आहेत. दिवसभर ट्रेलर जातात आणि धूळ घरात येते, पाण्याच्या हंड्यावरसुद्धा साय धरल्यासारखी. भाऊ यार्डातच शिफ्टमध्ये कामाला, वहिनी पण नोकरीला. आई दिवसभर एकटी खोकत बसायची. म्हणून म्हटलं, चल माझ्याकडे. ती आली, खोकला थांबला, आणि पहिल्याच उन्हाळ्यात एके दुपारी ती किचनमध्ये चक्कर येऊन पडली. सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, या वयात असली उष्णता चालणार नाही, पुढच्या वेळी एवढ्यावर भागेलच असं नाही.

भाऊ धावत आला. दवाखान्याच्या पॅसेजमध्येच आमची जुंपली. रागावलो की आम्ही दोघंही गावच्या बोलीत जातो.

"तुजं घर हाय का भट्टी?" तो म्हणाला. "पुढल्या उन्हाल्याला मी आयला नेनार."

"आनि तिकडं धूल काय आयनं खावाची?"

"लोक मना इचारतात, पोरगा असून आय लेकीच्या घरी कशाला म्हनून."

"लोकांना सांग, दोन दिवस येऊन हंडे पुसा."

आई आत पलंगावर पडल्या पडल्या सलाईनच्या बाटलीकडे बघत होती. मी तिथल्या तिथे ठरवलं की पुढच्या उन्हाळ्याआधी घर थंड करायचं. मी मुळातच भांडखोर आहे, हे सोसायटीत कुणालाही विचारा.

गच्ची हिरवी करायची हे डोक्यात आलं ते आईमुळेच. चार जिने उतरणं तिला जमत नव्हतं. बाहेर जायचं म्हणजे एक जिना चढून गच्चीत, एवढंच तिचं अंगण. मी मीटिंगमध्ये उभी राहिले. आमचे सेक्रेटरी कोकणातले, आयुष्यभर बांधकाम खात्यात काढलेले. ते म्हणाले, "मॅडम, कल्पना छान आहे. पण पाणी मुरलं तर तुमच्याच डोक्यावर गळणार." मी म्हटलं, माझ्या डोक्यावर गळेल, तुम्हाला कसलं टेन्शन? लोक हसले. शेवटी परवानगी मिळाली, पण अटींवर: गच्चीला आधी वॉटरप्रूफिंग आणि वरून पांढरा रंग, झाडांचे ड्रम विटांवर ठेवायचे, आणि ते म्हणतील त्या दिवशी सगळं काढायचं. माझा नवरा साताऱ्याचा, शेतकऱ्याच्या घरातला, पण घरात कमीत कमी बोलणारा. त्याने गुपचूप अर्धे कापलेले निळे ड्रम आणून दिले.

प्रश्न मातीचा होता. नवी मुंबईत सगळं मिळतं, माती मिळत नाही. मी हे फोनवर सहज बोलले, आणि दिवाळीनंतर एका रविवारी भावाचा टेम्पो दारात. त्यांच्या गावात नव्या यार्डासाठी खोदकाम चाललं होतं, तिथली काळीभोर माती त्याने गोण्या भरभरून आणली होती. वरच्या गोणीवर हळदकुंकू, नारळ आणि माझ्यासाठी साडी. दवाखान्यातलं भांडण विसरून तो म्हणाला, "माहेरची माती हाय. लेकीच्या घरी जाते, तशी रिकामी कशी पाठवू?"

आई तेव्हा कितीतरी महिन्यांनी चार जिने उतरली. ताम्हणात निरांजन लावून तिने गेटवर त्या टेम्पोला ओवाळलं. वॉचमन बघतच राहिला. मग तिने गोणीत हात घातला, मूठभर माती नाकाशी नेली आणि डोळे मिटले. "आपल्या आगराच्या बांधाची हाय," ती म्हणाली. आगर म्हणजे मिठागर. माझे आजोबा तिथे मीठ पिकवायचे. तो वास मलाही आला, ओला, खाडीचा, आणि मला एकदम रडू आलं. आम्ही तिघं त्या टेम्पोभोवती उभे राहून रडत हसत होतो.

आता बघा हं. मिठागराच्या बांधाची माती. तीन माणसं मिठागरावर वाढलेली. आणि तिघांपैकी एकालाही ती जिभेला लावून बघावीशी वाटली नाही. तिचं कोडकौतुक करण्यातच आम्ही गुंग!

मेथी पेरली, ती उगवली आणि बसली. तुळस काळी पडली. घोसाळ्याला दोन पानं फुटली, त्यांच्या कडा करपल्या. आई रोज पाणी घालायची आणि म्हणायची, नवी जागा हाय, रुळेल. पौषात एका सकाळी ड्रममधल्या मातीवर पांढरी बुरशी दिसली. आईने बोट फिरवून चाटलं. मग पदर तोंडाला लावून अशी हसली की तिला खाली बसावं लागलं. "अगो बाय," ती म्हणाली, "मीठ पिकवलंस की!"

गंमत म्हणजे त्याच ड्रममध्ये एक झाड आपणहून वर आलं. जाड, रसरशीत, टोकाला लालसर पानं. मोरस. आमच्याकडे खाडीकाठी उगवतं, त्याची भाजी करतात. आईने तो खुडून जवळा घालून केला. वरून मीठ घालावं लागत नाही. लहानपणानंतर मी तो पहिल्यांदा खाल्ला. त्या दुपारी आई गच्चीच्या सावलीत बसून बोलत राहिली. बांधावरून चालताना पायाखाली चरचरणारं मीठ, चांदण्यात पांढरे दिसणारे मिठाचे वाफे, त्यांत उतरणारे गुलाबी पक्षी. समोर नुसत्या बिल्डिंगच बिल्डिंग आणि डिश अँटेना होत्या, पण ती जिथे बघत होती तिथे त्या नसाव्यात. मीही बघितलं, आणि क्षणभर मलाही काही दिसलं असं वाटलं.

सेक्रेटरी वर आले ते दुसऱ्या दिवशी. ड्रमच्या बुडाशी ओघळलेलं पांढरं पाणी त्यांनी पाहिलं. ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मॅडम, खारं पाणी स्लॅबमधलं लोखंड खातं. ही माती आठवड्यात खाली गेली पाहिजे." एरवी मी भांडले असते, पण त्यांचं बरोबर होतं. कप्पाळ माझं!

ही माती टाकायची कुठे? मी भावाला म्हटलं, टेम्पो पाठव, परत ने. तो म्हणाला, "माहेरचं कोनी परत धाडतं का?" मी समजावलं, स्लॅबचं सांगितलं, लोखंडाचं सांगितलं. त्याला ते ऐकायचंच नव्हतं. टेम्पो आला, तो स्वतः आला नाही. आईने जिन्यात बसून गोण्या खाली जाताना पाहिल्या आणि डोळे पुसले. संध्याकाळी त्याचा फोन, माझ्याशी नाही, आईशी. "अक्षय तृतीया झाली की येतो. बॅग भरून ठेव." आई फक्त "बरं" म्हणाली.

त्या "बरं"ने माझी झोप उडाली. मी एपीएमसी मार्केटला खेपा सुरू केल्या. भाजीबाजारात पालापाचोळा ढिगाने पडलेला असतो, फळबाजारात पेट्यांमधला पेंढा. एका हमालाने विचारलं, म्हैस पाळलीय का? म्हटलं, हो, चौथ्या मजल्यावर. पाला, पेंढा, नारळाचा भुसा, नर्सरीतलं गांडूळखत, सगळं ड्रममध्ये थरावर थर. मातीपेक्षा हलकं, म्हणून सेक्रेटरीही खूश. नवऱ्याने बांबू बांधून आईच्या खोलीच्या बरोबर वर मांडव घातला. घोसाळी, दुधी, कारली, पडवळ. बिया आईने लावल्या, रोजचं पाणी आईचं. मी रोज सकाळी उठून वेल किती चढला ते बघायची. मला वेल दिसत नव्हता, मला अक्षय तृतीया दिसत होती.

आणि वेल चढला. फाल्गुनात बांबूला लागला, चैत्रात वर पसरला. वैशाखाचं ऊन सुरू झालं तेव्हा मांडवाखाली गच्चीवर अनवाणी उभं राहता येत होतं. बाजूला दोन पावलं टाकली की तळवे भाजायचे. खालची खोली बर्फासारखी झाली वगैरे काही नाही. घामही येतो. पण भिंतीला पाठ टेकवता यायला लागली आणि दुपारी आईचे डोळे मिटायला लागले.

भाऊ आला तो ऐन दुपारी बाराला. घामाने निथळत, चार जिने चढून. माझ्याकडे न बघता आईच्या पाया पडला. आईची बॅग दाराशी तयार होती. तिने ती आदल्या दिवशीच भरली होती, मी कितीही धुसफुसले तरी. मी बोंबील तळले, तांदळाची भाकरी केली. जेवल्यावर तो म्हणाला, जरा पाठ टेकतो, मग निघू. आईच्या खोलीत चटईवर आडवा झाला आणि घोरायलाच लागला.

तीन वाजले, चार वाजले. मी आईला म्हटलं, उठवू का? ती म्हणाली, "झोपू दे. यार्डात झोप कुठं त्याला." ती उठली आणि सवयीने गच्चीत पाणी घालायला गेली. मी स्वयंपाकघरात बसून त्या बॅगेकडे बघत राहिले. तिची चेन नीट लागली नव्हती, आणि ती लावून द्यायला माझा हात धजावत नव्हता.

साडेचारला भाऊ उठला. थोडा वेळ पानांचा उजेड बघत तसाच बसला. मग पलंगावर चढला आणि हात उंच करून पंजा छताला लावला. ठेवला बराच वेळ. मी दारातून बघत होते, त्याला ते कळलं. खाली उतरून तो त्या दिवशी माझ्याशी पहिल्यांदा बोलला, "आय कुठं हाय?"

आम्ही दोघं वर गेलो. आई मांडवाखाली पाइप घेऊन उभी होती. ऊन कलतं होतं, पानांतून तिच्या अंगावर ठिपके पडले होते. भावाने पाइप तिच्या हातातून घेतला. "चल आये," तो म्हणाला, "उशीर होईल." आवाजात नेहमीचा जोर नव्हता. मी लगेच सुरू झाले, डॉक्टर काय म्हणाले, धूळ किती, खोकला किती. तोही चढला, लोक, गाव, पोराचं कर्तव्य. दोन मिनिटांत आम्ही दवाखान्यातल्यासारखे भांडत होतो.

"मना हितंच रावचंय," आई म्हणाली.

हळूच म्हणाली, पण आम्ही दोघंही थांबलो. माझ्या आईला "मला पाहिजे" असं म्हणताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. साडी, औषध, जेवण, राहायची जागा, सगळ्याला तिचं "बरं" ठरलेलं. ती एक पाऊल पुढे आली आणि तिने भावाच्या गालावर हात ठेवला. "तुज्यावर राग नाय रं बाला. पन हितं मना बरं वाटतं."

भावाचे डोळे भरले. "मग आदी सांगाचं नाय का?"

"तुमी दोगांनी इचारलं कवा?"

मी बघितलं भावाकडे, त्याने माझ्याकडे. त्याच्या हातातला पाइप तसाच खाली लोंबत होता आणि पाणी गच्चीवरून वाहत जाळीकडे चाललं होतं.

"पानी फुकट चाललंय," आई म्हणाली. "दुधीच्या बुडाशी धर."